जावास्क्रिप्टच्या मॅपमध्ये थेट पार्सइंट: डॉक्समध्ये इशारा हवा की नको?

रात्रपाळी: काल इथे कुणीतरी लिहिलं, "एमडीएनवर (जावास्क्रिप्टचे डॉक्स, म्हणजे माहितीची पानं, असलेली साइट) मॅपच्या पानावर पार्सइंटचं उदाहरण कशाला? कॉलबॅकला घटक, इंडेक्स आणि अख्खा अ‍ॅरे मिळतो हे वर लिहिलंय. वाचायचा कंटाळा असेल त्याने कोड लिहू नये." डोकंच फिरलं. मॅप म्हणजे अ‍ॅरेतल्या (यादीतल्या) प्रत्येक घटकावर आपण दिलेलं फंक्शन, म्हणजे कॉलबॅक, चालवणारा; पार्सइंट म्हणजे मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन. अ‍ॅरेत तीनदा '१०' ठेवा (इंग्रजी आकड्यांत) आणि मॅपला नुसतं पार्सइंट द्या. येतं काय? १०, नॅन (म्हणजे 'संख्या नाही'), २. इंडेक्स (घटकाचा क्रमांक, ० पासून) जाऊन पार्सइंटच्या दुसऱ्या, ऐच्छिक पॅरामीटरच्या, म्हणजे रेडिक्सच्या (संख्यापद्धतीचा पाया) जागी बसतो: ० ला नेहमीचा दशमान, १ चालतच नाही, २ म्हणजे बायनरी. मॅपचं पान बरोबर, पार्सइंटचंही बरोबर, घोळ दोघांच्या मधे. एररसुद्धा येत नाही. नव्या पोराने शोधायचं कुठे?

जुना_खांब: मीच लिहिलं होतं, मागे घेणार नाही. अशा प्रत्येक जोडीचा इशारा द्यायचा तर पान संपणारच नाही. आपलं फंक्शन किती पॅरामीटर घेतं ते आपण बघायचं. पार्सइंटऐवजी 'नंबर' हे फंक्शन द्या, तो एकच घेतो. विषय संपला.

खडू_फळा: संपला कसा? नंबर रिकाम्या स्ट्रिंगचा (मजकुराचा) शून्य करतो! आमच्या कॉलेजात गैरहजर मुलांचे रकाने रिकामे होते, प्रोग्रामने सगळ्यांना शून्य गुण लावले. पालक ऑफिसात येऊन भांडले. पार्सइंटने निदान नॅन दिलं असतं.

जुना_खांब: डेटा न तपासणाऱ्याचा दोष नंबरच्या माथी का? पार्सइंट '१२किलो'चे निमूट १२ करतं, ते चालतं तुम्हाला?

खडू_फळा: किलोचे १२ झाले तर मुलगा नापास होत नाही! आणि देवनागरीत आकडा टाकला की दोघंही नॅन देतात, ते वेगळंच.

बिनपगारी: अहो, प्रश्न डॉक्सचा होता. लोडॅश या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या मॅपच्या डॉक्समध्ये कॉलबॅकला काय मिळतं ते आहेच, शिवाय कुठली फंक्शन्स थेट दिली तरी चालतात त्यांची यादीही आहे. त्यात त्यांचं पार्सइंट आहे. पान काही फुटलं नाही. मी एक छोटी लायब्ररी सांभाळतो. उद्या कॉलबॅकला एक आर्ग्युमेंट वाढवलं, तर ऐच्छिक पॅरामीटर घेणारी लोकांची फंक्शन्स बिघडणार. हे डॉक्समध्ये लिहिणं माझंच काम आहे.

जुना_खांब: बरं, एक ओळ मान्य: "ऐच्छिक पॅरामीटर घेणारं फंक्शन थेट देऊ नका." उदाहरण नको.

रात्रपाळी: उदाहरणाशिवाय ती ओळ ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच कळेल.

खडू_फळा: आणि यापुढे "नंबर वापरा" म्हणाल तेव्हा रिकाम्या रकान्याचं त्याच वाक्यात सांगा.