थेरपीच्या खोलीत गुणपत्रिका हवी का?

निमित्तमात्र:
क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा संशोधकही असावा, असं अमेरिकेतल्या बोल्डरच्या परिषदेत ठरलं ते १९४९ साली. प्रबंध जमा केल्यावर आपल्यातले किती जण एखादा शोधनिबंध शेवटपर्यंत वाचतात? मी तरी नाही वाचत. म्हणून माझं म्हणणं, वाचनाची सक्ती सोडा. दर सेशनआधी दोन मिनिटांची प्रश्नावली भरून घ्या. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ आहेच. संशोधन आपोआप खोलीत येईल.

काठावरचा:
नऊ प्रश्न, ० ते २७ गुण (जास्त गुण म्हणजे जास्त नैराश्य), की झाला माणूस मोजून? जोडीदार गेल्यावर वर्षभर न रडलेला माणूस रडू लागला की गुण वाढतातच. तुमच्या लेखी तो बिघडला, माझ्या लेखी आता कुठे सावरतोय. आणि उपचारांवरच्या संशोधनात माणसं निवडून घेतात. दारू, ओसीडी (मंत्रचळ) आणि मोडलेलं लग्न एकदम घेऊन येणारा तिथे बहुधा गाळला जातो. आमच्या दारात नेमका तोच येतो.

आकडेमोड:
गाळतात हे मान्य. पण 'माझ्या लेखी' याचीच मला धास्ती वाटते. हॅनन, लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांचा २००५चा अभ्यास घ्या. ५५० पेशंटपैकी कोण बिघडेल, असं थेरपिस्टना विचारलं. त्यांनी ३ जण सांगितले. बिघडले ४०. गुणांवर चालणाऱ्या सूत्राने त्यातले ३६ आधीच हेरले होते. (सूत्राने खोट्या घंटाही वाजवल्या, म्हणजे न बिघडलेल्यांनाही बिघडणार म्हटलं, हेही सांगायला हवं.)

नवशिकी:
तुमचं चालू द्या. फॉर्मच्या झेरॉक्स काढायला मलाच पाठवतात, एवढंच नोंदवते.

काठावरचा:
खोट्या घंटा बरोबर कंसात गेल्या! घंटा वाजली की सुपरवायझर विचारणार, मग मी पेशंट सोडून गुण सांभाळत बसणार. इंग्लंडच्या सरकारी थेरपी सेवेत (२०२३ पर्यंत तिचं नाव आयएप्टी) दर सेशनला गुण घेतात आणि ५० टक्के रिकव्हरीचं उद्दिष्टही ठेवलं. असं उद्दिष्ट डोक्यावर असलं की अवघड पेशंट नकोसा होणारच.

निमित्तमात्र:
उद्दिष्टांवर मीही तुमच्याइतकीच चिडते. पण गुण वरिष्ठांना कशाला दाखवायचे? पेशंटपुढे ठेवा. एकदा गुण चढलेले दिसले, तेव्हा मी कागद तसाच समोर सरकवला. उत्तर आलं, "मागच्या वेळी तुम्ही सारखं घड्याळ बघत होतात." कागद नसता तर हे मला कधी कळलंच नसतं. तुम्ही विचारता असं काही?

काठावरचा:
नाही विचारत. या आठवड्यापासून विचारीन. तोंडी. फॉर्म नाही.