मदत हवी आहे : लेकीच्या लघवीत ईएसबीएल ई. कोलाय

लेक अडीच वर्षांची आहे. थंडी वाजून ताप येत होता आणि लघवी करताना ती किंचाळायची. डॉक्टरांनी आधी लघवीचं कल्चर (कोणता जंतू आहे आणि त्यावर कोणतं औषध चालेल ती तपासणी) पाठवलं आणि मग सेफिक्झिम सुरू केलं, पण ताप काही उतरेना. आज रिपोर्ट आला: ई. कोलाय जंतू, ईएसबीएल पॉझिटिव्ह, म्हणजे बरीच नेहमीची अँटिबायोटिक्स निकामी करणारा. सेफिक्झिम, सेफ्ट्रायअ‍ॅक्सोनपुढे सरळ 'आर' (रेझिस्टंट, औषध चालत नाही). 'एस' (सेन्सिटिव्ह, औषध चालतं) आहे ते अमिकासिन, मेरोपेनेम आणि नायट्रोफुरँटॉइनपुढे. हे शेवटचं तोंडाने देता येतं म्हणून मला हायसं वाटलं होतं. पण ते मूत्राशयापुरतंच काम करतं, ताप आहे म्हणजे किडनीपर्यंत संसर्ग गेला असू शकतो, तिथे ते पुरेसं पोचत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मेरोपेनेम हे जालीम औषध राखून ठेवायचं, आधी अमिकासिनची इंजेक्शनं, असंही ते म्हणाले. मला हे पटतंय. (सासूबाईंचं मात्र 'एकदाच काय ते जालीम औषध द्या ना!' चालू आहे.)

कुणी मुलाला अमिकासिन अ‍ॅडमिट न करता, रोज डे केअरला नेऊन दिलंय का? सुई एकदाच लावून ठेवतात की रोज टोचतात? क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) किती वेळा तपासलं? नंतर ऐकण्याची तपासणी करून घेतली का? सोनोग्राफीनंतर एमसीयू (नळीने मूत्राशयात औषध भरून काढायचा एक्स-रे) करायला सांगितलं असेल तर तेही लिहा, त्या नळीची मला धास्ती वाटते. तिला बद्धकोष्ठही आहे, त्यावर काय उपयोगी पडलं?

पुण्यात लहान मुलांचे चांगले किडनीतज्ज्ञ माहीत असतील तर मेसेज करा. औषधांची नावं कृपया सुचवू नका.