कामोलीचे रंग आणि काथ्याची जाळी

इटलीच्या किनाऱ्यावरची ही छोटी गावं म्हणजे पर्यटकांसाठी रंगवलेला सेट, हे तुमचं म्हणणं निम्मं पटलं. जिनोव्हाजवळच्या कामोलीत तर भिंतींवरच्या काही खिडक्यासुद्धा निव्वळ रंगवलेल्या आहेत! लांबून खऱ्याच वाटतात. कोळ्यांना समुद्रातून आपलं घर ओळखता यावं म्हणून हे रंग, असं सांगतात. मला ती गाईडांची लाडकी गोष्ट वाटते.

पण गाव नुसतं दिखाऊ नाही. शिडाच्या जहाजांच्या काळात हे जहाजमालकांचं गाव होतं, आणि 1853 मध्ये इथल्या मालकांनी आपसांत वर्गणी काढून जहाजांचा परस्पर विमा सुरू केला. एकाचं जहाज बुडालं तर भार सगळ्यांवर.

आजही गावाबाहेर पुंता क्याप्पाच्या बाजूला 'तोनारेल्ला' लागते. वसंतापासून सप्टेंबरपर्यंत समुद्रात एकाच जागी उभी असलेली जाळी, होड्यांतून हातानेच वर ओढायची. गंमत म्हणजे ती विणतात नारळाच्या काथ्याने! हंगाम संपला की जाळी कापून पाण्यात सोडून देतात, काथ्या कुजून जातो. नायलॉन वापरणाऱ्या आपल्या कोकणाने यावर विचार करायला हरकत नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी भरणाऱ्या मासळीच्या उत्सवात सुमारे 4 मीटर व्यासाच्या कढईत मासे तळतात. तो मात्र खरंच पर्यटकांचा मामला. जायचंच असेल तर तो रविवार टाळा.