ओसी नसलेला फ्लॅट घ्यावा का? माझं मत: अजिबात नाही

चौथा मजला:
आज सकाळी आमचा फ्लॅट बघायला आलेलं चौथं गिऱ्हाईक परत गेलं, म्हणून हा धागा.

सिंहगड रोडला २०१३ साली टू बीएचके घेतला. चाव्या मिळाल्या, वास्तुशांत झाली. बिल्डर स्वतः जेवायला होता. भोगवटा पत्राचं, म्हणजे राहायला यायच्या पालिकेच्या दाखल्याचं, ओसीचं विचारलं तर श्रीखंड वाढून घेत म्हणाला, "फाईल साहेबांच्या टेबलावर आहे, पंधरा दिवसांत येतंय." ती फाईल अजून टेबलावरच आहे. बिल्डर मात्र फोनवर नाही.

इमारतीत तसं सगळं आहे. लिफ्ट आहे, बागेत झोपाळा आहे. फक्त पालिकेच्या लेखी तिथे अजून कोणी राहायला आलेलं नाही. पाणी टँकरचं. मागे घेताना टँकरचा भोंगा वाजतो, तोच आमचा सहाचा गजर. सोसायटीच्या हिशेबात टँकरचं एक पान असायचं, आता वहीच वेगळी आहे.

सकाळचं जोडपं चांगलं होतं. बरोबरच्या सासूबाईंनी ओट्याची उंची विताने मोजली आणि पसंत केली. मग मुलाने हळूच विचारलं, "काका, ओसी?" मी खरं सांगितलं. चहा तसाच राहिला.

तेव्हा घर घेणाऱ्यांनो, टोकन द्यायच्या आधी ओसीची प्रत हातात घ्या. "येतंय" म्हणाले तर "आलं की टोकन देतो" म्हणा. अंशतः ओसी दाखवली तर त्यात आपला मजला आहे का ते वाचा.

एक गुंठा:
भरल्या पोटी उपासाचे फायदे सांगताय, साहेब. मी ठाण्याजवळच्या दिव्यात राहतो. इथे ओसी विचारलं की एजंट हसतो. माझ्या पगारात ओसीवालं घर म्हणजे स्टेशनपासून रिक्षा आणि रिक्षेपासून पुन्हा पायपीट. बिनओसीचं घेतलं ते जवळपास निम्म्यात. त्याआधी दर अकरा महिन्यांनी बाडबिस्तरा उचलायचा, गॅसचा पत्ता बदलायचा, पोरीची शाळेची रिक्षा बदलायची. नऊ वर्षं झाली, कोणी हातोडा घेऊन आलं नाही. डिसेंबर २०१५ पर्यंतची बांधकामं नियमित करायचा कायदा सरकारने केलाच की. पुढेही करतील. मतं आमचीच लागतात त्यांना.

स्टॅम्पपेपर:
गुंठासाहेब, त्या कायद्यात सरसकट माफी नव्हती, अटी होत्या. आणि हातोडा येत नाही म्हणता? मुंबईत वरळीची कॅम्पाकोला वसाहत आठवा. परवानगी पाच-सहा मजल्यांची आणि दोन इमारती गेल्या १७ आणि २० मजल्यांवर. लोक पंचवीसेक वर्षं राहिले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले बेकायदा ठरवले आणि २०१४ मध्ये पालिकेने त्या घरांचं वीज-पाणी तोडलं. तुमच्या शेजारीच कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारती निघाल्या, पालिकेची बनावट परवानगी जोडून महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प प्राधिकरणाचा, नोंदणी नंबर मिळवलेल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. म्हणजे "महारेरा नंबर आहे ना, मग झालं" हेही चालत नाही. बांधकाम परवानगी खरी आहे का, ते पालिकेतच जाऊन बघायचं.

मी गृहकर्जाच्या फाईली तपासतो. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकांना सांगितलंय की इमारतीचं पूर्णत्व किंवा भोगवटा पत्र बघूनच कर्ज द्या. आज स्वस्तात मिळेल हो, पण उद्या तुमच्याकडून घेणाऱ्याला कर्ज मिळालं नाही तर तो रोख कुठून आणणार?

एक सोपी खूण सांगतो. ओसी आल्यानंतर बिल्डरकडून घेतलेल्या तयार घरावर जीएसटी नसतो. आधी घेतलं तर ५ टक्के, परवडणाऱ्या घरांना १. "ओसी आलंच समजा" म्हणणाऱ्याच्या कोटेशनमध्ये जीएसटीची ओळ असेल तर उत्तर तिथेच छापलेलं आहे.

ठाणे फास्ट:
दोघांचंही पटत नाही. सगळ्या बिनओसी इमारती एका माळेत ओवू नका. कुठे दोन मजले जास्तीचे असतात, कुठे फक्त बिल्डरने पालिकेचे पैसे थकवलेले किंवा अग्निशमनचा दाखला राहिलेला. पहिल्यापासून लांब राहा. दुसऱ्यात घासाघीस करून घ्यायला हरकत नाही. मंजूर नकाशा मागा, खाली उभं राहून मजले मोजा, पार्किंगच्या जागी दुकान नाही ना ते बघा.

आणि कायदा घेणाऱ्याच्या बाजूने आहे. मुंबईच्या समृद्धी सोसायटीला ओसी नसल्यामुळे मालमत्ता कर २५ टक्के आणि पाणीपट्टी ५० टक्के जास्त भरावी लागत होती. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ओसी आणून देणं बिल्डरचं काम, आणि तो देत नाही तोवर त्याची चूक रोज चालूच आहे.

चौथा मजला:
निकाल वाचलाय. त्या लोकांना ताबा १९९७ मध्ये मिळाला होता आणि तो निकाल आला २०२२ मध्ये. त्यातही प्रकरण ग्राहक आयोगाकडे परत पाठवलं. पंचवीस वर्षांत माणूस निवृत्त होतो.

बाकी मजले मोजायचं बरोबर बोललात. आमच्याकडे मोजले. एक जास्त आहे. आमचा नाही, पण ओसी सगळ्यांचंच अडकलंय. त्या वरच्या मजल्यावरचे काका सोसायटीच्या मीटिंगला येतात आणि गुपचूप मागच्या खुर्चीत बसतात. त्यांनीही पैसे मोजूनच घर घेतलंय.

एक गुंठा:
सगळं मान्य. पण मला एकच सांगा, लोकांना "घेऊ नका" म्हणताय आणि स्वतःचा फ्लॅट विकायला काढलाय. तो घेणार कोण? माझ्यासारखाच कोणीतरी ना?

स्टॅम्पपेपर:
हा प्रश्न बरोबर आहे. धागाकर्त्यांनी उत्तर द्यावं.

चौथा मजला:
हो, तुमच्यासारखाच कोणीतरी. बायकोही काल हेच म्हणाली.

जाहिरातीत आज पहिल्याच ओळीत 'ओसी नाही' असं टाकलंय. किंमतही बरीच उतरवली. एजंट चिडला, म्हणाला, "असं लिहिलं तर फोन तरी कोण करेल?" दुपारपासून दोन आले. दुसऱ्याने विचारलं की टँकर दिवसाला किती लागतात. रविवारी येतोय. वही काढून ठेवतो.