महाविद्यालयीन सिरॅमिक्स अभ्यासक्रम: तासांबाहेर किती काम असते?

प्रश्न

नमस्कार. पुढील सत्रात महाविद्यालयातील सिरॅमिक्सचा प्राथमिक स्टुडिओ अभ्यासक्रम ऐच्छिक विषय म्हणून घेण्याचा विचार आहे. आधी शिकलेले विद्यार्थी सांगतात की खरे काम ठरलेल्या तासांबाहेरच होते. हे कितपत खरे आहे? शिवाय सुरुवातीला बरेच दिवस चाकाला हात लावू देत नाहीत, असेही ऐकले. चाकाचीच ओढ असणाऱ्याने खासगी कार्यशाळा निवडावी का?

उत्तर १

ते खरे आहे, आणि त्याला शिक्षक नव्हे, माती जबाबदार आहे. चाकावरून नुकताच उतरवलेला वाडगा इतका मऊ असतो की त्याचा तळ कोरता येत नाही. तो चामड्याइतका घट्ट झाला की मातीच्या लांब फिती सुटत हे काम सुरेख होते, आणि पूर्ण वाळल्यावर हात घातला तर कडा तुटतात. ही मधली अवस्था हवेतील दमटपणावर अवलंबून असल्यामुळे ती नेमकी तासाच्या वेळी येईल याचा भरवसा नसतो. प्लॅस्टिक गुंडाळून ती लांबवता येते, पण काही प्रमाणातच. म्हणून तासांव्यतिरिक्त स्टुडिओ केव्हा खुला असतो, हे प्रवेशापूर्वी अवश्य विचारावे. माझ्या मते छापील अभ्यासक्रमापेक्षा ही माहिती अधिक मोलाची आहे.

भट्टीचेही तसेच. साधारण 1000 अंश सेल्सिअसला पहिली भाजणी, मग ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप), मग स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजलेली टणक भांडी) असेल तर 1200 अंशांच्या वर दुसरी भाजणी, असा क्रम असतो आणि भट्टी भरेपर्यंत थांबावे लागते. त्यामुळे ओल्या कामाची अंतिम तारीख सत्र संपण्याच्या बरीच आधी येते.

उत्तर २

वरील मताशी सहमत आहे. चाकाबद्दल मात्र थोडे वेगळे सांगतो. चाकाआधी हाताने वळ्या रचून किंवा मातीच्या पाट्या जोडून भांडे घडवताना भिंतीची जाडी बोटांना कळू लागते, जोड देताना दोन्ही बाजूंना ओरखडे काढून पातळ मातीचा घोळ का लावायचा हे समजते, आणि याचा उपयोग पुढे कपाला कान जोडतानाही होतो. तरीही केवळ चाकच हवे असेल, तर कार्यशाळेत त्यावर अधिक वेळ मिळण्याची शक्यता आहे, हे मान्य केले पाहिजे. तिथे ग्लेझ मात्र बहुधा तयार बादलीतून मिळते. ते कशाचे बनले आहे हे शिकायचे असेल, तर महाविद्यालयच बरे.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. ग्लेझसाठी रसायनशास्त्र यावे लागते का?

उत्तर २

सुरुवातीला शेकडेवारी पुरते. सिलिकापासून काच बनते, ॲल्युमिना वितळलेल्या ग्लेझला ओघळू देत नाही आणि फ्लक्स वितळण्याचे तापमान खाली आणतो. एका वेळी एकाचेच प्रमाण बदलून चाचणीचे तुकडे भाजले की फरक डोळ्यांनी दिसतो. तुकड्याच्या मागे क्रमांक लोह ऑक्साइडने लिहावा, कारण साध्या पेन्सिलीची खूण भट्टीत जळून जाते. कोरडी पूड वजन करताना योग्य मास्क वापरावा आणि टेबल झाडण्याऐवजी ओल्या स्पंजाने पुसावे. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसांना कायमची इजा करू शकते.