मदत हवी आहे: राजुरा, गडचांदूर, कोरपना या चुनखडीच्या पट्ट्यातून रोड सायकलसाठी कमी वर्दळीचा मार्ग

संत्रानगरी_सायकल (धागाकर्ता)

नमस्कार. येत्या शनिवारी नागपूरहून निघायचे आहे आणि मंगळवार संपत आला तरी मार्ग ठरलेला नाही, म्हणून थेट विचारतो. चंद्रपूर जिल्ह्यातील चुनखडीच्या पट्ट्यातून रोड सायकलने दोन दिवस फिरायचे आहे. मागच्या जानेवारीत मी राजुऱ्याहून गडचांदूरला मुख्य रस्त्याने गेलो होतो. बल्कर (सिमेंटचे टँकर) आणि हायवांची (मोठ्या टिपरांची) रांग अशी लागली की साइड पट्टी सोडून मातीत उतरावे लागले. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर पाणी मारलेले होते. त्यात चुनखडीची पूड कालवली जाऊन झालेला पांढरा लगदा चेनवर आणि ब्रेकच्या रबरांवर बसला, आणि उन्हात वाळून इतका घट्ट झाला की मागचा गिअर बदलेनासा झाला. रात्री लॉजच्या मोरीत बसून चाकूच्या टोकाने चेनची एकेक कडी खरवडली. तसे पुन्हा व्हायला नको. नकाशावर आतले रस्ते दिसतात, पण ते डांबरी आहेत की नुसती खडी अंथरलेली आहे, हे कळत नाही. अलीकडे तिकडे सायकल चालवलेल्यांनी कृपया लवकर सांगावे.

दूरचा_पल्ला

आपण बरेच काही सांगितलेले नाही. टायर किती रुंदीचे आहेत? नागपूरहून सायकलनेच जाणार, की पुढे कुठून तरी सुरुवात करणार? रोज किती किलोमीटर झेपतात, आणि सोबत कोणी आहे का? नागपूर ते चंद्रपूर हेच जवळजवळ दीडशे किलोमीटर होतात. ते सायकलने करणार असाल तर दोन दिवसांत चुनखडी पाहायला वेळच उरणार नाही.

गडमंदिर

एवढ्या लांब धुळीत जाण्याचे कारण मला समजत नाही. मी गेली अनेक वर्षे दर रविवारी झिरो माइलवरून पहाटे निघतो आणि कामठी, कन्हान, मनसरमार्गे रामटेकला जातो. तिथून खिंडसी तलावाच्या काठाने फिरून दुपारच्या जेवणाला घरी पोहोचतो. रस्ता उत्तम आहे, पाणी आहे, आणि मनसरला दगडही भरपूर पाहायला मिळतो.

भूस्तर

मनसरला जो दगड पाहायला लोक जातात तो मँगनीजचा आहे. तिथे आणि कांद्रीला त्याच्याच खाणी आहेत. धागाकर्त्यांनी चुनखडी विचारली आहे. त्यापुढे देवलापारच्या बाजूला संगमरवर सापडतो, आणि तो मुळात उष्णतेने व दाबाने बदललेली चुनखडीच असतो, पण त्या खडकात मूळचे थर डोळ्यांना नीट दिसत नाहीत. राजुरा–कोरपना भागातील दगड भूशास्त्रात पैनगंगा समूहाचा म्हणून ओळखला जातो आणि तो शंभर कोटी वर्षांहून जुना आहे. आपल्याला नेमकी चुनखडीच का हवी आहे, हे सांगितलेत तर कुठे थांबावे ते सांगता येईल.

संत्रानगरी_सायकल

रामटेक मी पाहिले आहे. कृपया दुसरे मार्ग सुचवू नयेत. टायर 25 मिमीचे आहेत. नागपूर ते बल्लारशा रेल्वेने जाणार, सायकली पार्सल कार्यालयात नोंदवून ब्रेकव्हॅनमध्ये टाकणार, आणि रविवारी रात्री तशाच परतणार. सोबत माझी मुलगी आहे. ती भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे आणि तिने अजून एकही खडक वर्गाबाहेर पाहिलेला नाही. चुनखडी हवी आहे ती तिच्यासाठी. तिला रोज साठ किलोमीटर सहज जमतात.

दूरचा_पल्ला

मुलगी सोबत आहे ही गोष्ट पहिल्याच वाक्यात यायला हवी होती, कारण त्यामुळे माझे उत्तर बदलते. मी राजुरा ते कोरपना एका दमात सुचवणार होतो, ते आता सुचवत नाही. पण 25 मिमी टायरवर त्या भागात जाऊ नका. जड वाहनांनी डांबराला पडलेले चर आणि खडीचे धारदार तुकडे टायरच्या बगलेला चिरतात. 32 मिमी बसत नसतील तर किमान 28 टाका आणि हवा थोडी कमी ठेवा.

वणीकर

टायरचे एवढे काही नाही. मी 25 वरच वणी ते कोरपना पैनगंगा ओलांडून अनेकदा गेलो आहे. आपण बल्लारशाऐवजी वणीहून सुरुवात करा. आमच्या बाजूलाही हाच दगड आहे, आणि मुकुटबनच्या वाटेवर शेतांच्या बांधांवर रचलेल्या फरश्यासुद्धा याच चुनखडीच्या दिसतील.

दूरचा_पल्ला

वणी आणि घुग्घुसकडे कोळशाच्या गाड्या आहेत. पांढऱ्या धुळीतून सोडवून काळ्या धुळीत घालण्याचा सल्ला मी वडील-मुलीला देणार नाही. आणि आपल्याला पंक्चर झाले नाही म्हणून कोणालाच होणार नाही, असे म्हणता येत नाही.

वणीकर

मी वणी–कोरपना रस्त्याबद्दल लिहिले आहे, घुग्घुसबद्दल नाही. दोन्ही रस्ते वेगळे आहेत. आपण ज्या रस्त्यावर गेला नाहीत त्याबद्दल एवढ्या ठामपणे लिहू नये.

कापूसवाडी

मी कोरपना तालुक्यातलाच आहे, शेती करतो, आणि रोज मोटारसायकलने याच रस्त्यांवर असतो. दादा, तुम्ही मुख्य रस्ता टाळायचा म्हणता, पण आतल्या रस्त्यांचे खरे हे आहे की दर पावसाळ्यात त्यांतले काही उखडतात आणि दिवाळीनंतर जमेल तसे दुरुस्त होतात. म्हणून मागच्या वर्षीचे कोणाचे सांगणे धरू नका. सध्या कापूस वेचणी चालू आहे. जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्या दुपारी जास्त असतात आणि त्या अरुंद रस्त्यावर बाजू देऊ शकत नाहीत, कारण कापूस दोन्ही अंगांना फुगलेला असतो.

माझे ऐकाल तर शनिवारी राजुऱ्याला मुक्काम करा आणि रविवारी उजाडताच गडचांदूरकडे निघा. त्या वेळी मुख्य रस्ताही निभतो. गडचांदूरला नाश्ता करून अमलनाला धरणाकडे वळा आणि तिथून जिवतीच्या घाटाला लागा. सिमेंट कारखान्यांची जड वाहतूक या बाजूला फारशी येत नाही. घाट चढायला कठीण आहे, पण घाई नसेल तर मुलगी चढेल. माणिकगड किल्लाही त्याच डोंगरात आहे. मोबाइलला मध्ये मध्ये रेंज मिळत नाही, हे घरी सांगून ठेवा.

भूस्तर

कापूसवाडी यांनी सुचवलेला मार्ग भूशास्त्राच्या विद्यार्थिनीसाठी सर्वांत चांगला आहे. खाली गडचांदूरच्या परिसरात चुनखडी आहे आणि वर जिवतीच्या पठारावर दख्खनचा काळा दगड आहे, जो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून झाला. म्हणजे त्या एका चढात ती नव्वद कोटींहून अधिक वर्षांचे अंतर ओलांडेल. आपण सोबत एक लिंबू ठेवा. चुनखडीचा ताजा फुटलेला कोपरा पुसून त्यावर रस पिळला की बारीक बुडबुडे येतात आणि कान जवळ नेला तर हलकी चरचर ऐकू येते. काळ्या दगडावर असे काही होत नाही. ओढ्यांच्या पात्रात करड्या आणि गुलाबी छटांचे, वहीच्या पुठ्ठ्याएवढे पातळ थर एकावर एक दिसतील. तिला ते हाताने मोजू द्या. खाणीच्या हद्दीत मात्र जाऊ नका, तिथे सुरुंग लावतात.

गडमंदिर

त्या दगडात शंख-शिंपले सापडतात का? मुलांना ते आवडतात.

भूस्तर

नाही. हा दगड समुद्राच्या तळाशी साचला तेव्हा कवचाचे प्राणी पृथ्वीवर अजून आलेच नव्हते. जीवाश्म पाहायचे असतील तर वरोरा तालुक्यातील पिसदुरा वेगळे ठिकाण आहे. तिथल्या लमेटा नावाच्या, डायनासोरच्या काळातल्या थरांत डायनासोरची हाडे मिळाली आहेत. आपल्या नागपूरच्या टाकळीतील जीवाश्मांवर एकोणिसाव्या शतकात मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी काम केले. ते 1863 साली टाकळघाटजवळ नाला ओलांडताना बुडाले, आणि बुटीबोरीवरून जाताना मला दर वेळी त्यांची आठवण येते. पण हा विषय वेगळा आहे.

पाणी_आधी

एक महत्त्वाची गोष्ट कोणीच लिहिली नाही. चुनखडीच्या भेगांतून पाणी खाली निघून जाते, त्यामुळे ओढे लवकर कोरडे पडतात. हातपंप दिसतील, पण राजुरा, कोरपना, जिवती या तालुक्यांतील अनेक गावांत भूजलात फ्लोराइड आहे. एक घोटही पिऊ नका.

कापूसवाडी

आमच्या गावात लोक तेच पाणी पीत आले आहेत आणि म्हाताऱ्यांचे दात, गुडघे त्याची साक्ष देतात, हे खरे आहे. पण तो त्रास वर्षानुवर्षे पिऊन होतो. तहानेने चक्कर येत असताना हातपंपाचे पाणी नाकारू नका. गडचांदूरला फिल्टरचे पाणी मिळते. माणशी दोन-दोन बाटल्या भरून घ्या, कारण घाटात दुकान नाही.

दूरचा_पल्ला

वाघाचे काय? 2020 मध्ये राजुरा–विरूर भागात माणसांचे बळी घेणारा वाघ ऑक्टोबरमध्ये पकडला होता.

कापूसवाडी

विरूर दुसऱ्या दिशेला आहे. पण वाघ आमच्याकडेही फिरतात. म्हणूनच मी उजाडल्यावर निघा म्हटले. सध्या साडेसहाच्या सुमारास उजाडते आणि संध्याकाळी साडेपाचला सूर्य मावळतो, तेव्हा चार वाजेपर्यंत घाट उतरून खाली आलेले बरे. उतारावर मुलीला पुढे जाऊ देऊ नका. वळणांवर शेळ्या बसलेल्या असतात.

संत्रानगरी_सायकल

सर्वांचे आभार. उद्या 28 मिमीचे टायर बसवतो. माझ्या सायकलला त्याहून रुंद बसत नाहीत, हे आताच मोजून पाहिले. शनिवारी बल्लारशाला उतरून राजुऱ्याला मुक्काम, आणि रविवारी गडचांदूर, अमलनाला, जिवतीचा घाट हे नक्की. कोरपना या वेळी सोडले. मुलीने लिंबू आजच पिशवीत टाकले आहे. कापूसवाडी दादा, एकच राहिले: अमलनाल्याकडे वळायचा रस्ता गावाच्या अलीकडे लागतो की पलीकडे, आणि तो शेवटपर्यंत डांबरी आहे का?

कापूसवाडी

उद्या खत आणायला गडचांदूरला जातोच आहे. रस्ता स्वतः पाहून संध्याकाळी इथे लिहितो.