सॅक पाठीवर की गाडीवर? खान्देशातल्या उन्हात मोटारसायकलवर सामान न्यायचं कसं

गिरणाकाठ (जळगाव)

मोटारसायकलवर रोज फिरती असणाऱ्याने सॅक पाठीवर घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. वजन गाडीने वाहावं, माणसाने नाही.

मी एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, डॉक्टरांना भेटत फिरणारा. यावल, फैजपूर, सावदा, रावेर हा माझा पट्टा. आमच्या लाइनला नवीन लागलेला प्रत्येक पोरगा सॅक खांद्याला मारून निघतो. सॅम्पल, व्हिज्युअल एड (डॉक्टरांना दाखवायची औषधांची चित्रपुस्तिका), टॅब, डबा, दोन लिटर पाणी मिळून सात-आठ किलो सहज होतात. पायी चालताना यातलं थोडं वजन कंबर घेते. गाडीवर मात्र हात हँडलकडे ताणलेले, पट्टे खांद्यात रुतलेले आणि बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याचा प्रत्येक खड्डा मानेत जाणवतो. संध्याकाळी मान वळत नाही म्हणणारे आमच्यात पंचविशीतले आहेत.

दुसरं ऊन. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो. त्या हवेत वारा गरमच लागतो, पण घाम वाळून अंग थंड होतं ते त्याच वाऱ्यामुळे. पाठ सॅकखाली झाकली की तेवढ्या भागात हे बंद. सॅक काढली की शर्टावर पट्ट्यांसकट तिचा ओला ठसा दिसतो. बाकीचा शर्ट कोरडा असतो, त्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा असतात.

आणि पडलात तर? सॅकमधलं कुलूप, पाना, स्टीलचा डबा नेमका मणका आणि डांबर यांच्या मधे येतो.

पहाटे गावाकडून येणारे दूधवाले बघा. दोन्ही बाजूंना कॅन, खाली, चाकाच्या जवळ, वजन सारखं वाटलेलं. त्यांना कुणी शिकवलेलं नाही, रोजच्या कामातून आलेलं शहाणपण आहे ते. तुमचं काय मत?

भुसावळचा कोड

पटलं नाही भाऊ. तुमच्या सामानात नाजूक असं फक्त टॅब. माझ्याकडे लॅपटॉप आहे. पाठीवर असला की खड्ड्याचा दणका आधी गाडीचे शॉकअप घेतात, मग सीट, मग माझं शरीर. कॅरिअरला बांधला तर लोखंडाची थरथर सरळ त्याच्यात जाते. जुन्या फिरत्या डिस्कच्या लॅपटॉपची तर अशाने वाटच लागते. नव्या एसएसडीला डिस्कची भीती नाही, पण स्क्रीन आणि बिजागऱ्या आहेतच की.

दुसरं, चहाला थांबलो की सॅक माझ्याबरोबर येते. तुम्ही दवाखान्यात डॉक्टरांची वाट बघत बसता तेव्हा मागच्या सीटवर बांधलेल्या टेल बॅगेजवळ कोण उभं असतं? दर थांब्याला पट्टे सोडायचे आणि परत आवळायचे, हे तुम्ही मनापासून करता का?

गिरणाकाठ

करतो. चार क्लिपा असतात, बॅग सोडून हातात घेऊन आत जातो. थरथरीचं तुमचं म्हणणं खरं आहे, पण ते उघड्या कॅरिअरचं. मी टेल बॅग सीटच्या फोमवर बांधतो, खाली जाड स्पंजचा तुकडा. टॅब उभा, कपड्यांच्या मधे.

धुळ्याची बाई

तुम्ही दोघंही मोटारसायकल धरून बोलताय. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, स्कूटरवर जाते. डिकी आहे, पायाशी हुक आहे, तरी मी सॅक घेते आणि घेणार.

डिकीखाली इंजिन असतं. उन्हाळ्यात दुपारी डिकी उघडली की वाफ तोंडावर येते. डबा आंबतो, गोंदाच्या बाटल्या पातळ होतात. गिरणाकाठ दादा, तुमच्या सॅम्पलांवरसुद्धा ३० अंशांच्या खाली ठेवा असं छापलेलं असतं ना? उन्हात उभ्या गाडीवरच्या काळ्या बॅगेत किती होत असतील? पायाशी पिशवी टांगली तर ती वळणावर झुलते, पाय टेकवायला जागा राहत नाही.

आणि ओढणी. सॅकचे पट्टे ओढणीवरून घेतले की ती जागेवर राहते. ओढणी चाकात जाऊन काय होतं ते आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे.

लळिंग ते तोरणमाळ

लांबच्या प्रवासाचं सांगतो. सॅक नको, हे मान्य. पण “गाडीवर टाका” एवढ्याने भागत नाही, कुठे टाकता ते महत्त्वाचं. बरेच जण मागे उंच टॉप बॉक्स बसवून त्यात सगळं कोंबतात. ते वजन मागच्या धुऱ्याच्याही मागे आणि वर जातं. पुढचं चाक हलकं पडतं, हँडल वेगात थरथरायला लागतं. म्हणून बहुतेक टॉप बॉक्सवर पाच ते दहा किलोची मर्यादा लिहिलेली असते. कुणी वाचत नाही.

स्प्लेंडर ११२ किलोची गाडी. तिच्या शेपटाला १५ किलो टांगले तर शहाद्याकडून तोरणमाळचा घाट चढताना स्टिअरिंग तुमचं ऐकणार नाही. जड ते खाली आणि मधे, हलकं ते वर आणि मागे. पेट्रोलच्या टाकीवर बसणारी टँक बॅग सगळ्यात उत्तम, वजन दोन्ही चाकांच्या मधे येतं. फक्त चुंबकाची घेत असाल तर टाकी लोखंडी आहे ना बघा, आणि पूर्ण वळवल्यावर हँडल बॅगेला लागत नाही ना तेही.

मागे वजन टाकलं की मागच्या शॉकअपची रिंग एक-दोन खाच घट्ट करा आणि हवा वाढवा. नाहीतर हेडलाइट आभाळाकडे जातो आणि समोरून येणाऱ्या केळीच्या ट्रकवाल्याचे डोळे दिपतात.

भुसावळचा कोड

पडण्याच्या मुद्द्यावर मला अजून बोलायचंय. माझा मित्र घसरला तेव्हा सॅक फाटली, पाठ शाबूत राहिली. सॅकने वाचवलं त्याला.

गिरणाकाठ

सॅकमध्ये काय होतं?

भुसावळचा कोड

कपडे.

गिरणाकाठ

मग बरोबर आहे. कपड्यांची सॅक घासणं अंगावर घेते. पण तुमच्या रोजच्या सॅकमध्ये लॅपटॉपचा चार्जर असतो, विटेसारखा. पाठीचं रक्षण करायचं असेल तर बॅक प्रोटेक्टर मिळतो, ईएन १६२१-२ (पाठीच्या संरक्षकाचं युरोपीय मानक) असं लिहिलेला. ती वस्तू दणका शोषायला बनवलेली आहे, सॅक नाही. सॅक घ्यायचीच असेल तर कडक वस्तू पाठीला लागून ठेवू नका, छातीवरचा पट्टा लावा आणि पट्टे एवढे लांब सोडा की सॅकचं बूड सीटवर टेकेल. खांद्यावरचं निम्मं ओझं तिथेच उतरतं.

ताई, औषधांचं तुमचं म्हणणं मला लागलं. गाडी सावलीत लावतो आणि सॅम्पल बरोबर घेऊन जातो, पण रस्त्यात ती बॅग तापतेच. याला माझ्याकडे पांढऱ्या कापडाच्या खोळीपलीकडे उत्तर नाही.

चोपड्याचा शेतकरी

तुमची चर्चा एकट्या माणसाची आहे. आमच्या गाडीवर मागे बायको, मधे पोरगं. सॅक पाठीवर घेतली तर पोराच्या तोंडाला लागते आणि बायको कॅरिअरवर सरकते. टेल बॅग बांधायला सीटच उरत नाही. मग राहिली टाकी किंवा दोन्ही बाजूंना लटकणारी सॅडल बॅग. विदगावच्या पुलावर तापीचा वारा आडवा लागतो, रुंद बॅगांनी गाडी ढकलली जाते का?

आणि बाजारातून येताना मी सगळं ट्यूबच्या पट्टीने बांधतो. हुकवाली रबरी दोरी मी वापरत नाही. आवळताना हुक सुटून डोळ्यावर येतो.

लळिंग ते तोरणमाळ

दादा, ट्यूबची पट्टी उत्तम, फक्त तिचं टोक लोंबकळू देऊ नका, स्पोकमध्ये गेलं तर मागचं चाक जाम. वाऱ्याने गाडी थोडी ढकलली जाते, पण दोन्हीकडे वजन सारखं असेल आणि वेग ४०-५० असेल तर सांभाळता येते.

डावीकडे साडी गार्ड आहे, बॅग त्याला टेकते. उजवीकडे सायलेन्सर आहे, तिथे नुसती बॅग टाकली तर जळेल. वेल्डिंगवाल्याकडून बॅगेला आधार म्हणून लोखंडी नळीचा स्टे करून घ्या, सायलेन्सरपासून चार बोटं वर. इंडिकेटर झाकला जाऊ देऊ नका आणि वहिनींचे पाय फूटरेस्टवर नीट बसतात ना, हे त्यांना गाडीवर बसवूनच माप घ्या. बरेच वेल्डर रिकाम्या गाडीवर माप घेतात, मग मागच्याचा गुडघा बॅगेला अडतो.

धुळ्याची बाई

आणि साडीचा पदर त्या स्टेच्या टोकात अडकणार नाही असं टोक आत वळवून घ्यायला सांगा.